बारा दिवसांच्या आत

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. सिल्वासाजवळच्या सायली गावात एका कारखान्यात मी देखभाल विभागात आहे. धाग्याला उष्णता देणाऱ्या यंत्रांच्या लांबच लांब रांगा, आणि त्यांचं तापमान सांभाळणं हे माझं काम. दोन अंश इकडचे तिकडे झाले की धागा रंग नीट धरत नाही आणि माल परत येतो. त्यामुळे ‘साधारण’, ‘अंदाजे’, ‘हाताला तर गरम लागतंय’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. कामावर नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी ऐकवायचो, हात हे मोजायचं साधन नाही.

आता ऐकवत नाही. का ऐकवत नाही ते सांगतो.

आम्ही मूळचे धुळ्याच्या बाजूचे, साक्रीकडचे. नोकरीसाठी इकडे आलो ते आधी सिल्वासात टोकरखाड्याला एका खोलीत राहिलो. बायकोला दिवस गेले तेव्हा जरा मोकळी जागा हवी म्हणून किलवणी गावात भाड्याने घर घेतलं. पुढे पत्र्याची पडवी, मागे भाताची खाचरं, त्यापलीकडे टेकड्या आणि टेकड्यांत पांगलेले पाडे. आमच्या ओळीत एक बिहारी कुटुंब, एक नंदुरबारचं, आणि घरमालक गुजराती बोलणारा. भाडेकरू सगळे कारखान्यातले आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, आपण इथले नाही.

आशाबेन पहिल्यांदा दारात आली तेव्हा मीही तेच म्हणालो. आशाबेन हे तिचं नाव नव्हे. घरोघरी जाऊन बायका-पोरांच्या तब्येतीची खबर ठेवायला सरकारने गावातल्याच ज्या बायका नेमल्या आहेत त्यांना आशा म्हणतात, आणि इकडच्या रिवाजाप्रमाणे पुढे बेन लागतं. ही पाड्यावरच्या वारली घरातली. चाळिशीची, बारीक अंगाची, पायात प्लॅस्टिकच्या चपला, खांद्याला निळी पिशवी. घरी वारली बोलायची, मालकाशी गुजराती, बिहारी वहिनीशी हिंदी, आणि आमच्याशी या तिन्हींना वळसा घालून आलेली मराठी.

“घरात कोन पोटुशी हाय का?” तिने विचारलं.

मी चहा पीत होतो. म्हटलं, “आमचं टोकरखाड्याच्या डॉक्टरकडे चालू आहे. आम्ही इथले नाही. तुम्ही आपलं पाड्यावर जा.”

“पाड्यावरच चाललीय. रस्त्यात तुमचं घर हाय,” ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून आत बघत बायकोला विचारलं, “बेन, पायाला सूज येते का?”

बायको म्हणाली, येते. मला हे माहीत नव्हतं.

त्यानंतर ती दर महिन्याला यायची, बहुतेक मी कामावर असताना. ती येऊन गेल्याचं मला फडताळातल्या लोहाच्या गोळ्यांवरून कळायचं. मी म्हणायचो, सरकारी गोळ्या कशाला, आपण चांगल्या आणू. बायको हो म्हणायची आणि सरकारीच खायची.

बाळ पाच आठवडे आधी आलं. पुढचं सगळं सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात झालं. मुलगी, वजन एक किलो नऊशे. पाच दिवस ठेवून घेतलं. तिथल्या नर्सने बायकोला नीट शिकवलं होतं, की बाळाला लंगोट, टोपी आणि मोजे एवढंच ठेवायचं आणि उघड्या छातीशी उभं धरून वरून कापड बांधायचं. दिवसाकाठी जितका वेळ जमेल तितका. तसा चित्रांचा एक कागदही दिला होता. तो मी घरी येताना रिक्षात वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मनाशी ठरवलं की ज्या घरात तापमानाचा माणूस आहे त्या घरात हे असलं करायची गरज नाही.

दुपारपर्यंत माझी पेटी तयार होती. धागा गुंडाळलेले कोन ज्यातून येतात तो मजबूत पुठ्ठ्याचा खोका, आतून थर्माकोल, डोक्याच्या बाजूला चाळीसचा बल्ब, हवेसाठी मोजून पाडलेली भोकं, आणि भंगारातून काढून दुरुस्त केलेला नियंत्रक. चौतीसच्या वर गेलं की बल्ब आपोआप बंद, खाली आलं की चालू. बाहेर लाल आकडे चमकायचे. सगळी ओळ बघायला आली. शेजारचा बिहारी म्हणाला, “भाईसाब, ये तो अस्पताल से बढ़िया है.” आमच्या पुण्याच्या मॅनेजरना मी फोटो पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी.

बायको म्हणाली, “अहो, तिला माझ्याजवळ द्या ना थोडा वेळ.”

“तू झोप. टाके दुखतायत ना? आकडा बघ, चौतीस.”

तिने आकडा बघितला. आकड्याशी ती काय भांडणार होती?

गावाहून आई आली होती. आमच्या घरात एक रीत आहे, बाळ बारा दिवसांचं होईपर्यंत बापाने त्याला हात लावायचा नाही. दवाखान्यात मी लावला नव्हता आणि पेटीत ठेवायलाही बायकोलाच लावलं होतं. यंत्र माझं, हात तिचे. आईला ते पटलेलं दिसलं. पण ती स्वतःही नातीला मांडीवर घेत नव्हती, याचं मला नवल वाटायचं. भिंतीला टेकून बसायची, पेटीकडे पाठ करून लसूण सोलायची आणि मधूनच म्हणायची, “इतली गप पोर बरी नही.”

मी म्हणायचो, “आई, रडत नाही म्हणजे सुखात आहे.”

दोन दिवस पोरगी जवळजवळ रडलीच नाही. पाजायला उचललं की जरा तोंड हलवायची आणि झोपून जायची. मी कामावर सांगितलं की नियंत्रण चोख असलं की लेकरूसुद्धा त्रास देत नाही. हे आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

सातव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आशाबेन आली. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला ठरलेल्या दिवशी बघायला यायचं असतं, तिच्या वहीत तो दिवस लिहिलेला होता. मी पेटीची माहिती द्यायला सरसावलो. तिने आधी साबण मागितला. पडवीत बसून कोपरापर्यंत हात धुतले, कशाला पुसले नाहीत, तसेच वर धरून वाऱ्यावर वाळवले. मग आली, पेटीचं झाकण उचललं आणि लाल आकड्यांकडे ढुंकूनही न बघता हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावली. मग एका पायातला मोजा काढला आणि तळव्याला लावली.

“पाय थंड हाय,” ती म्हणाली.

“चौतीस आहे,” मी म्हणालो.

“पोट गरम, पाय थंड. अजून थोडा वेळ गेला तर पोटपण थंड होईल.” हे ती माझ्याशी बोलतच नव्हती, बायकोशी बोलत होती. “दूध ओढते का?”

बायकोने मान हलवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे रागाने बघितलं. “मी सांगत होते,” एवढंच म्हणाली.

माझं डोकं फिरलं. यंत्र बरोबर आहे हे दाखवायला मी पेटीत हात घातला. बल्बखाली हवा छान गरम होती. हात पुढे सरकवला, जिथे पोरीचे पाय होते तिथे, तर हवा गार होती. तापमान मोजणाऱ्या तारेचं टोक मी बल्बजवळ चिकटवलं होतं, कारण तार आखूड पडत होती. नंतर लांब तार आणू म्हटलं आणि राहून गेलं. आकडा खोटं बोलत नव्हता. बल्बजवळची हवा चौतीस होती. माझी पोर दुसऱ्या टोकाला होती.

ही चूक मी दर आठवड्याला कोणाची तरी पकडतो. हीटरजवळची हवा कशाला मोजता, माल मोजा, असं ओरडतो. भर कारखान्यात मी ज्यासाठी माणसाचा पाणउतारा करतो ती चूक मी घरी, पोटच्या पोरीवर केली होती.

आशाबेनने पिशवीतून झोळीचा काटा काढला. कापडी झोळीत बाळाला ठेवलं, हाताने काटा वर धरला आणि डोळ्यांच्या रेषेत आणून वाचला. एक किलो सातशे साठ. जन्मापेक्षा एकशे चाळीस ग्रॅम कमी. मग घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट पोरीच्या पोटाकडे बघत राहिली, ओठ न हलवता. “बावन्न. श्वास ठीक हाय.” तळव्याला टिचकी मारली. पोरगी कण्हल्यासारखी रडली. छातीला लावली तर दोनदा ओढलं आणि मान टाकून झोपली.

आशाबेन पडवीत गेली आणि उपकेंद्रातल्या नर्सशी गुजरातीत बोलली. आत येऊन तिने आम्हा तिघांना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. “एक तास बघायचं. पोर अंगाशी धरून तापवायची. पाय तापला आनि दूध ओढलं तर घरी ठेवायची, मी रोज येईन. नाय ओढलं तर एकशे आठची गाडी बोलवायची, दवाखान्यात न्यायची. नर्सबेनने तिकडे सांगून ठेवलंय. पन असंच अजून एक दिवस राहू दिलं असतं तर…”

बायकोच्या अंगात कणकण होती, दोन दिवस तिने धड खाल्लं नव्हतं. आशाबेनने तिला खाऊन पडायला सांगितलं, दूध यायला हवं म्हणून. मग माझ्याकडे वळली.

“शर्ट काढा, भाऊ.”

मी आईकडे बघितलं. आई उठून उभी राहिली होती. “बारा दिवसना आत बापनी पोरले हात लावाना नही,” ती म्हणाली. “आपलामा रीत शे.” आवाज चढलेला नव्हता, पण मी लहानपणापासून ओळखतो, त्या आवाजापुढे कोणाचं चालत नाही. आमच्या वडिलांचंही चालत नसे.

मला वाटलं, आता भाषण होणार. अंधश्रद्धा, जुने विचार, वगैरे. मी स्वतः ते दिलं असतं. आशाबेनने रीतीबद्दल एक अक्षर काढलं नाही. ती म्हणाली, “आजी, भाकरी टाकायच्या आधी तवा तापला का नाय हे तुमी कसं बघता?”

आई गोंधळली. “हात धरस वर.”

“कधी चुकतो?”

“साठ वरीस व्हयनात. नही चुकत.”

“मंग मला तुमचा हात पायजे. मला अजून लोकांकडे जायचंय, माझं लक्ष एका ठिकानी राहात नाय. तुमी पोरीच्या पायाशी बसा आनि पाय कधी तापतो ते मला सांगा. तुमी सांगाल तेच खरं.”

आईने आपली वळकटी सोडली, आतून एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं. “याना वर बांध,” ती आशाबेनला म्हणाली. हात धुवायला ती स्वतःच मोरीत गेली.

मी भिंतीला उशा लावून मागे रेलून बसलो. आशाबेनने बाळाला माझ्या छातीवर उभं ठेवलं, डोकं एका बाजूला वळवलं, पाय बेडकासारखे दुमडले, एक हात तिच्या बुडाखाली धरायला शिकवलं आणि वरून लुगड्याचे दोन वेढे दिले. दार उघडं होतं. बिहारी वहिनी पदर तोंडाशी धरून बघत होती, मालक बघत होता. सायलीत दहा माणसं ज्याला घाबरतात तो मी, छातीवर लुगडं गुंडाळून बसलेला. एरवी मी लाजेने मेलो असतो. पण पोरीचा पहिला श्वास माझ्या कातडीला लागला आणि दार, मालक, वहिनी, सगळं विसरलो.

काय वाटलं ते सांगायला मला नीट जमणार नाही. ती इतकी हलकी होती की डोळे मिटले तर छातीवर काही आहे हे कळू नये, आणि तरी तिच्या श्वासामागे माझा श्वास आपोआप हळू झाला. तिचं काळीज माझ्या काळजाच्या दुप्पट वेगाने पळत होतं. तिचे गार पाय माझ्या पोटाला लागले होते आणि माझं अंग तिकडे तापत होतं, मी काहीही न करता. कोणी बटण दाबलं नव्हतं, कुठे आकडा नव्हता. मी इतकी वर्षं उष्णतेवर पोट भरतोय आणि माझ्याच अंगात ही सोय आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, चित्रांसकट. तो कागद मी खिशात घातला होता.

आई पायाशी बसली होती. थोड्या थोड्या वेळाने लुगड्यातून हात घालायची, तळव्याला हाताची मागची बाजू लावायची आणि म्हणायची, “आजून नही.” तिचा हात थरथरत होता. वय झालं, असं मला वाटलं.

आशाबेन उंबऱ्यात वही घेऊन बसली होती. तिला त्या दिवशी टेकडीपलीकडच्या पाड्यावर जायचं होतं, तिथे गाडी जात नाही. मी म्हटलं, तुम्हाला उशीर होतोय. ती म्हणाली, “तिकडचं पोर रडतंय, मी काल ऐकलं. रडनारं पोर थांबू शकतं.”

पाऊण तास झाला असेल. आईने हात घातला, काढला, पुन्हा घातला. मग दोन्ही पायांना लावून बघितला. “आते तपना,” ती म्हणाली, आणि तिथेच तोंडावर पदर घेऊन बसली.

तेवढ्यात पोरगी हलली. डोकं उचलायची धडपड करून माझ्या छातीवर तोंड घासायला लागली, उघड्या तोंडाने काहीतरी शोधायला लागली. बायको अंथरुणातून म्हणाली, “तिथे काही मिळायचं नाही, बाई.” आम्ही सगळे हसलो आणि हसताना मला रडू आलं. आशाबेनने बाळाला उचलून तिच्याकडे दिलं. या वेळी पोरीने मान टाकली नाही. तिच्या गिळण्याचा आवाज खोलीत ऐकू येत होता. आशाबेनने घड्याळ बघून वेळ लिहिली, पिशवी उचलली, म्हणाली, “दोघंजण पाळी लावून धरा. पेटीत कांदे ठेवा,” आणि खाचरांच्या बांधावरून टेकडीकडे चालू लागली. मी तिला दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो. या बाईला मी म्हटलं होतं, तुम्ही आपलं पाड्यावर जा.

मी रजा टाकली. मॅनेजर म्हणाले, बाळंतपण तुझं झालंय का? म्हटलं, निम्मं माझंच आहे. आशाबेन रोज आली, तिच्या वहीप्रमाणे यायचं नव्हतं तेव्हाही. एक किलो सातशे साठ, मग सातशे सत्तर, मग आठशे. चौदाव्या दिवशी काटा पुन्हा नऊशेवर आला तेव्हा आईने आशाबेनच्या हातावर साखर ठेवली. दरवेळी आशाबेन आधी आईला विचारायची, “आजी, पाय?” आणि आईने सांगितलं की मगच स्वतः हात लावायची. मला हा शिष्टाचार वाटायचा, म्हाताऱ्या माणसाचा मान.

पोरगी दोन महिन्यांची झाली, तीन किलोच्या वर गेली. एका रविवारी आशाबेन आली ती काटा न घेता. दुधनी गावाच्या पलीकडे, धरणाच्या पाण्यापल्याडच्या एका पाड्यावर तिची नणंद हेच काम करते. तिथे असंच लवकर आलेलं बाळ होतं, पावणेदोन किलोचं. आई अशक्त, बाप धडधाकट, पण बापाला कोणी हात लावू देत नव्हतं. नणंद चार दिवस सांगून थकली होती.

मी ताडकन उठलो. आता आपली गरज लागली म्हणून आनंद झाला. “चला, मी येतो. शर्ट काढून दाखवतो,” म्हटलं.

आशाबेन म्हणाली, “तुमी गाडी चालवा. मला आजी पायजेत.”

माझं तोंड जरा पडलंच. नंदुरबारवाल्यांची गाडी मागून घेतली आणि निघालो. खानवेलच्या पुढे रस्ता चढउतारांचा, दोन्ही बाजूंना साग. दुधनीला गाडी ठेवली आणि होडीत बसलो. आई जन्मात कधी होडीत बसली नव्हती. दोन्ही हातांनी कड धरून ती पाण्याकडे बघत राहिली. पलीकडे उतरून अर्धा तास चढण. मला धाप लागली. मनात आलं, आशाबेनसारख्या बायका हे रोज करतात, उन्हापावसात, एका बाळाचा पाय बघायला. आमच्या कारखान्यात आम्ही जिन्याला कंटाळून लिफ्ट मागतो.

कुडाचं घर होतं, सारवलेलं. बाळाची आई चटईवर, बाळ गोधडीत, बाप दाराशी खाली मान घालून उभा. आणि चुलीपाशी त्या बापाची आई, आमच्या आईच्याच वयाची, तसाच चेहरा. तिथे कोणाचं चालतं हे बघताक्षणी कळलं. “आमचे नाय करत,” ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

आशाबेनने आईला त्या म्हातारीशेजारी बसवलं आणि स्वतः मागे सरकली. मग आई बोलायला लागली, आमच्या गावच्या बोलीत, सावकाश, कुठे अडलं तर आशाबेन वारलीत सांगायची. पण फारसं अडत नव्हतं.

आई म्हणाली, “मीबी नहीच सांगं व्हतं. रीत सांगी.” थोडं थांबून म्हणाली, “मनी पहिली पोर अशीच गप व्हई गयथी. लोक म्हनेत, गुणी शे, रडत नही. आठव्या दिनले सकाळे मी पायले हात लावा. चूल इझनी का तवा थंड व्हस, तसा.”

मी दाराशी उभा होतो. मी घरातला थोरला आहे, असं मी चाळीस वर्षं समजत होतो.

“तिना बापनी तिले एकदाबी हातमा लिधी नही,” आई म्हणाली. “त्याले हातमा लेवानी व्हती. दारमा उभा ऱ्हाये. मीच सांगू, बारा दिन थांब.”

ती रडत नव्हती. गावात कोणाला पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होती. ती म्हातारी तिच्याकडे वळली होती. आशाबेन खाली जमिनीकडे बघत होती आणि मला कळलं, तिला हे ठाऊक होतं. थरथरणारा हात तिने त्याच दिवशी बघितला होता आणि कधीतरी, मी कामावर असताना, आईने तिला सांगितलं होतं. जे आईने मला सांगितलं नाही, वडिलांनी जातानाही सांगितलं नाही, ते या निळ्या पिशवीच्या बाईने माझ्या पडवीत बसून ऐकलं होतं. रोज “आजी, पाय?” हे ती का विचारायची ते मला तेव्हा समजलं. मला इतका आदर आयुष्यात कोणाबद्दल वाटला नव्हता, आणि भीतीही वाटली, की माणूस माणसाला एवढं ओळखू शकतो.

म्हातारी उठली. मुलाला काहीतरी म्हणाली, दोनच शब्द. त्याने सदरा काढला.

आशाबेनने बाळ बांधलं. आमची आई एका पायाशी बसली, ती म्हातारी दुसऱ्या पायाशी. मी बाहेर अंगणात जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने आतून दोघींचे आवाज एकदमच आले, एक आमच्या बोलीत, एक त्यांच्या. शब्द वेगळे होते, पण काय म्हणतायत ते मला कळलं.

परतीच्या होडीत आई माझ्याशेजारी बसली. मी म्हटलं, “आई, तिचं नाव काय होतं?”

आई पाण्याकडेच बघत होती. “नाव कसानं?” ती म्हणाली. “बारावा दिन उगनाच नही.”

मग तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि हाताची मागची बाजू माझ्या तळव्याला लावून बसली. किनारा येईपर्यंत तिने तो काढला नाही.